तळमजला, आणि घरात कुणीतरी

मुंबईत म्हाताऱ्या कुत्र्यासाठी घर शोधायला निघालं की पहिला प्रस्ताव कर्जतचा येतो. नाहीतर नेरळचा, वाड्याचा, अलिबागच्या पुढच्या एखाद्या गावचा. "आमची दीड एकर जागा आहे तिकडे. आंबा आहे, फणस आहे. मोकळी फिरेल की बिचारी, इथे या सिमेंटमध्ये काय ठेवलंय!" सांगणारा माणूस मनापासून सांगत असतो, म्हणून त्याला नाही म्हणणं जड जातं. जन्मभर लोकलला लोंबकळलेल्या आपल्या सगळ्यांनाच शेवटी एक गाव हवं असतं, आणि आपल्याला हवं तेच कुत्र्यालाही हवं असणार असं आपण धरून चालतो.

लालीला गाव नको होतं. लाली विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली. रंग विटकरी, तोंडावर पांढरं आलेलं, कानाला नसबंदीच्या वेळचा कट. ऐन तरुणपणी तिला पूर्व द्रुतगती मार्गावर एका गाडीने उडवलं. आमच्या इमारतीतल्या आप्पांनी तिला चादरीत गुंडाळून टॅक्सीने परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. मागचा पाय वाचला, आत सळई राहिली, आणि लाली आप्पांची झाली. आप्पा एकटे, तळमजल्यावरची खोली, दार दिवसभर उघडं. लाली त्यांच्या खाटेखाली झोपायची, सकाळी त्यांच्याबरोबर दूध आणायला जायची, संध्याकाळी कट्ट्यावर त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून बसायची. तिचं सगळं जग एवढंच, आणि या जगात तिला कशाची उणीव नव्हती.

आप्पा गेले त्या सुमारास आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती. खोल्या रिकाम्या करायची तारीख ठरलेली. आप्पांचा मुलगा ठाण्याला, घोडबंदर रोडला भाड्याने राहतो. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलेलं आहे. पण भाडेकराराच्या वेळी घरमालकच "कुत्रं नको" म्हणाला तर भाडेकरू त्याच्याशी किती भांडणार? हा मुलगा ड्युटीवरून सुटला की रोज विक्रोळीला उतरायचा, लालीला खायला घालायचा, तिच्याशेजारी बसून राहायचा आणि शेवटच्या गाड्यांपैकी एखादीने घरी जायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, बाबांनी मला दुसरं काहीच सांगितलं नाही हो. हिचं तेवढं बघ म्हणाले." हे वाक्य ऐकल्यावर मी या कामाला लागले.

रिडेव्हलपमेंटबद्दल आपण खूप बोलतो, पण त्याची ही बाजू कुठे येत नाही. करारात कार्पेट एरिया असतो, कॉर्पस म्हणजे रहिवाशांना मिळणारी एकरकमी रक्कम असते, भाडं, ब्रोकरेज आणि सामान हलवायचा खर्च असतो. कंपाउंडमध्ये दहा-बारा वर्षं राखण केलेल्या कुत्र्यासाठी एकही ओळ नसते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याला नसबंदीनंतर जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. नियम चांगला आहे, त्यामागचं शास्त्रही पक्कं आहे. पण ती जागाच निळ्या पत्र्यांच्या आड जाऊन तिचा तीन मजली खड्डा होतो, तेव्हा ते कुत्रं कुठलं? विक्रोळी, चेंबूर, मुलुंड, गोरेगाव, जिथे जिथे पत्रे लागलेत तिथे एकदा थांबून बघा. पत्र्याला पाठ लावून एखादं म्हातारं कुत्रं बसलेलं असतंच. ते बांधकामाची राखण करत नसतं. गेलेली माणसं परत येतील म्हणून ते बसून असतं.

या शहराला कुत्र्यांची माया नवीन नाही. १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम वाढवली, तेव्हा फोर्टातल्या पारशांनी रस्त्यावर येऊन दंगल केली होती. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. आज तिथे मुख्यतः गाई दिसतात, पण तिच्या जन्मामागे ही मारली जाणारी कुत्री होती. १८७४ मध्ये प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी संस्था इथे निघाली आणि पुढच्या दशकात परळला साकरबाई पेटिट यांच्या नावाचा दवाखाना झाला. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं मोठं रुग्णालय सुरू झालं. म्हणजे कुत्रं जखमी झालं, आजारी पडलं, तर त्याला न्यायला या शहरात जागा आहे. नुसतं म्हातारं झालेल्या कुत्र्याला न्यायला जागा नाही. शेल्टर असतात, आणि तिथली माणसं जीव तोडून काम करतात, हे मी जवळून पाहिलंय. पण तिथे अपघातातले, कीड पडलेले, पॅरालिसिसचे जीव दाटीवाटीने भरलेले असतात. खाटेखाली झोपायची सवय असलेल्या कुत्रीने त्या भुंकण्याच्या गदारोळात शेवटची वर्षं काढावीत, हे मला पटेना.

घर शोधण्याआधी लालीची तब्येत नीट तपासून कागदावर आणली. हे मी प्रत्येकाला सांगते. म्हातारं कुत्रं "तसं ठणठणीत आहे" म्हणून कुणाच्या गळ्यात घालू नये. रक्त, लघवी, एक्स-रे, दात, सगळं बघून घ्यावं आणि जे निघेल ते पहिल्याच भेटीत समोर ठेवावं. लालीचं वय दाताबितांवरून आता कळण्यासारखं नव्हतं, पण अपघाताच्या वेळचे कागद होते, त्यावरून तेराच्या आसपास.

डोळे निळसर-धुरकट दिसत होते. बघणारे हळहळायचे, "मोतीबिंदू झालाय गं तिला." डॉक्टरांनी उजेड टाकून पाहिलं. म्हणाले, एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, दुसऱ्यात फक्त वयाने भिंग घट्ट झालंय. त्याने निळी झाक येते, पण दिसत राहतं. बऱ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांना हीच झाक असते आणि लोक त्यांना आंधळं समजून बसतात. कान मात्र जवळजवळ गेले होते. त्याचा एक फायदा झाला. जी लाली दर दिवाळीला आप्पांच्या मोरीत तोंड खुपसून थरथरत बसायची, तिच्यापाशी फटाके पोचेनासे झाले. मूत्रपिंडं थकलेली, त्याची खूण म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणून पाणी जास्त प्यायची. सळईच्या पायात आणि कमरेत संधिवात. गुळगुळीत लादीवर मागचे पाय फाकायचे आणि ती बसकण मारायची.

आणि शेवटचं, जे कुठल्याच रिपोर्टात येत नाही. दार उघडायला ती बिजागरीच्या बाजूला जाऊन उभी राहायची. जिकडून दार उघडतं ती बाजू सोडून, नेमकी दुसरीकडे, भिंतीला नाक लावून. तिथून मागे कसं फिरायचं ते तिला सुचायचं नाही. रात्री दोन-अडीचला उठायची आणि खोलीभर येरझाऱ्या घालायची. डॉक्टरांनी सांगितलं की माणसाला म्हातारपणी विसराळूपणाचा आजार होतो तसाच हा. औषधांचा थोडा उपयोग होतो. खरा उपयोग दिनक्रमाचा. जेवण, फिरणं, झोप ठरल्या वेळी. सामान हलवायचं नाही. रात्री मंद दिवा. आणि जागं कुणीतरी.

हे सगळं मांडल्यावर तिला काय हवं ते दिसायला लागलं. जिने नकोत. लादीवर पाय रोवायला काहीतरी अंथरलेलं हवं. दवाखाना रिक्षाच्या टप्प्यात हवा. घरात दिवसभर माणूस हवं, आणि शक्यतो रात्रीही. यात एकरभर जमीन कुठेच बसत नाही. कर्जतच्या मालकांना मी विचारलं, आठवडाभर तिथे कोण असतं? माळी असतो, तोही संध्याकाळी आपल्या घरी जातो. रात्री कुत्री बाहेर. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांचा जो अभ्यास झाला, त्यात त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला होता. ज्या कुत्रीला ऐकू येत नाही आणि पळता येत नाही, तिला शेताच्या कडेला रात्रभर मोकळं ठेवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढे औषधासाठी आपणहून पैसे पाठवले. चांगली माणसं.

पवईचं एक जोडपंही आलं होतं. दोघेही कुत्र्यांसाठी वेडे, घर मोठं, एसी, लिफ्ट, सोसायटीत कुणाची कटकट नाही. लालीने त्या मुलीचा हात चाटला तेव्हा ती रडलीच. पण सकाळी आठला दोघं बाहेर पडणार ते रात्री नऊला येणार. मधे अर्धा तास फिरवायला मुलगा येईल म्हणाले. तरण्या कुत्र्याचं त्यात भागतं. लाली त्या बंद घरात कुठल्यातरी दाराच्या बिजागरीपाशी तासन् तास उभी राहिली असती. मी त्यांना एका शेल्टरमधल्या तीन वर्षांच्या काळ्या कुत्र्याबद्दल सांगितलं, आणि आज तो त्यांच्याकडे आहे.

पैसे भरून कायमचं बोर्डिंग, हाही मार्ग असतो. महिन्याचे पैसे भरायचे आणि कुत्रं शेवटपर्यंत तिथे. काही जागा खरंच चांगल्या आहेत. मी पाहिलेल्या एका जागी मात्र सिमेंटचे कप्पे, ओली जमीन आणि कोपऱ्यात अंग मुडपून बसलेली म्हातारी कुत्री होती. अशा ठिकाणी अगोदर कळवून जाऊ नये. दुपारी, जेवणाच्या वेळी, सहज म्हणून जावं.

जाहिरात मी चारदा पुसून लिहिली. आधीच्या जाहिरातीत लाली किती गोड आहे, तिचं कसं वाईट झालं, असं सगळं होतं. लोक हृदयाची चित्रं टाकायचे आणि पुढे जायचे. मग साधं लिहिलं: तळमजला हवा, घरात दिवसभर कुणीतरी हवं, फार लहान मूल नको, आजार हे आणि हे आहेत, औषधांचा आणि डॉक्टरांचा खर्च शेवटपर्यंत आमचा. या शेवटच्या ओळीने चित्र पालटलं. आप्पांचा मुलगा, कर्जतवाले, आमच्या जुन्या इमारतीतली पाचसहा घरं, सगळ्यांनी मिळून महिन्याचा आकडा उचलला. तोवर आम्हाला ज्यांच्याकडे पैसे आहेत तेच विचारत होते, आणि त्यांच्याकडे वेळ नव्हता. मुंबईत ज्याच्याकडे वेळ आहे तो बहुधा पेन्शनवर असतो, आणि व्हेटच्या बिलाच्या धाकाने तो हात पुढे करत नाही. वेळ एकाचा आणि पैसे दुसऱ्याचे, अशी वाटणी केली की केवढी दारं उघडतात, हे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावं असं मला फार वाटतं.

त्या ओळीवर चुनाभट्टीहून फोन आला. महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सगळी चाळ त्यांना सिस्टर म्हणते, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. बैठी चाळ, दोन खोल्या, पुढे ओटा. फोनवर त्यांनी लाली दिसते कशी हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "क्रिएटिनिन किती आहे?" दुसरा, "रात्री किती वाजता उठते?"

मी म्हटलं, अडीच-तीन.

"मग जमेल आमचं," त्या म्हणाल्या. "माझी नाइट ड्युटीत हयात गेली. रिटायर झाले तरी तीनला डोळे टक्क उघडे असतात. एकटीनेच चहा पिते."

मी लगेच हो म्हटलं नाही. चुनाभट्टीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, हे हार्बरने प्रवास करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. घर बघायला गेले तेव्हा आधी जोतं बघितलं. तीन पायऱ्यांचं, उंच. पाणी गल्लीत येतं, घरात आलेलं नाही असं शेजाऱ्यांनीही सांगितलं. तरी तीन पायऱ्या होत्याच. सिस्टरांच्या पुतण्याने फळी ठोकून, तिच्यावर गोणपाट खिळवून उतरण करून दिली. दुसरी शंका विचारायला अवघड होती, पण विचारली. तुम्ही सत्तरीला आलात, उद्या तुम्हालाच काही झालं तर? त्यांना राग आला नाही. समोरच्या खोलीतल्या पुतणीला हाक मारली आणि तिच्यासमोर म्हणाल्या, "मी नसले तर हिच्याकडे. हिला विचारूनच तुम्हाला फोन केला होता." आप्पांच्या मुलाने ते साध्या कागदावर लिहून घेतलं, दोघींच्या सह्या घेतल्या.

त्यांच्या शेजारणीने तेव्हाच तो प्रश्न विचारला, जो म्हातारं कुत्रं घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला कुणीतरी विचारतंच. "अहो पण किती दिवसांची ती? लळा लागायचा आणि पुन्हा रडत बसायचं."

सिस्टर भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोण किती दिवसांचा ते विचारून कॉट देत नव्हतो गं आम्ही वॉर्डात."

या वाक्याने माझा निर्णय झाला. इतकी वर्षं मी लोकांना पटवत होते की म्हातारी कुत्री अजून तीन-चार वर्षं सहज काढतात, बघा किती चपळ आहे, बघा कशी शेपूट हलवते. दिवसांच्या हिशेबावर मी माया विकत होते. सिस्टरांना हिशेबच नको होता.

लालीला थेट उचलून नेलं नाही. आधी सिस्टर विक्रोळीला आल्या, आठवड्यातून दोन-तीनदा, पत्रे लागायच्या आत. आप्पांच्या रिकाम्या खोलीत लालीशेजारी बसायच्या, तिला आपल्या हाताने भात भरवायच्या, तिच्याबरोबर दुधाच्या केंद्रापर्यंत चालायच्या. कुत्र्याचे डोळे जातात, कान जातात, नाक बरंच शेवटपर्यंत साथ देतं. नव्या माणसाचा वास जुन्या जागेत ओळखीचा झाला, की मग जुन्या वासाची वस्तू घेऊन नव्या जागेत जाता येतं. आप्पांची गोधडी न धुता सोबत दिली. काळी-पिवळीत मागच्या सीटवर ती गोधडी, तिच्यावर लाली, आणि लालीच्या डोक्याखाली आप्पांच्या मुलाची मांडी.

रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं सांगतात. तीन दिवस कुत्रं भांबावलेलं असतं, तीन आठवड्यांत दिनक्रम बसतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. लालीने पहिले दिवस खाटेखालून बाहेर यायचं नाव काढलं नाही. खाट होती, हे नशीब. सिस्टरांनी तिला ओढून काढायचा प्रयत्न केला नाही. खाटेशेजारी जमिनीवरच पथारी टाकली. एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी तक्ता आखला: पाणी किती, लघवी किती वेळा, खाल्लं का, औषध दिलं का, रात्री किती वाजता उठली. सकाळी साडेसातला मला फोन यायचा आणि त्या हँडओव्हर द्यायच्या. "पेशंटने रात्री दीड वाटी पाणी घेतलं. तीन ते चार फेऱ्या. चारनंतर झोप शांत."

मूत्रपिंडांसाठी आठवड्यातून काही वेळा कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. एरवी हेच घरच्यांना जमत नाही, आणि कुत्र्याला तेवढ्यासाठी दवाखान्यात नेऊन आणण्यात त्याचे उरलेले दिवस खर्ची पडतात. सिस्टरांना डॉक्टरांनी एकदाच दाखवलं. खांद्यांच्या मधली सैल कातडी तंबूसारखी उचलायची, सुई आडवी घालायची. बाटली गरम पाण्याच्या टोपात ठेवून अंगाइतकी कोमट करून घ्यायची, म्हणजे तिला शिरशिरी येत नाही. बाटली खिडकीच्या गजाला टांगतात. लाली तेवढा वेळ त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहते, कारण त्या तिच्याशी बोलत असतात. ऐकू येत नाही तिला, पण गळ्याची थरथर मांडीतून कळत असावी.

चाळीतलं जेवढं चांगलं होतं, त्यातच एक धोकाही होता. दारं उघडी, माणसं येती-जाती, लालीला दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात लागायचा. तिच्यासारख्या कुत्रीला असा शेजार म्हणजे औषधच. ती कुठे कोपऱ्यात अडकून उभी राहिली तर जाता-येता कुणीतरी तिला वळवून देतं. पण हात लागायचा तसा घासही पुढे यायचा. चकली, फरसाण, मटणाचं हाड, लोणच्याच्या फोडीसकट पोळी. समोरच्या आजी तर तुपात भिजवलेली पोळी घेऊन यायच्या. "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते. मी कोरडी कशी घालू?" त्यांचं चुकत होतं असं कोण म्हणेल? पण या वयात तूप-तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि मीठ थकलेल्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सिस्टरांनी तोड काढली. लालीचा ठरलेला बिनमिठाचा भात आणि उकडलेलं चिकन यांच्या लहान लहान मुठी करून त्या सकाळीच आजींच्या घरी डब्यात ठेवतात. घालायचं ते आजींनी, त्यांच्या हाताने, पण डब्यातलंच. आजींनी ते कर्तव्य म्हणून स्वीकारलं आहे. आता बाहेरच्या पोराने बिस्किट पुढे केलं तर आजीच काठी आपटतात. आणखी एक गोष्ट सिस्टरांनी सगळ्या चाळीला बजावली, ती इथेही सांगते: माणसाची अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. कुत्रं लंगडतंय म्हणून कनवाळूपणाने दिलेल्या गोळीने गेलेली कुत्री मी पाहिली आहेत.

शेवटाचा विषय सिस्टरांनीच काढला, लाली आली त्याच महिन्यात. बहुतेक घरं हा विषय टाळतात आणि मग मध्यरात्री, कुत्रं तडफडत असताना, रडत रडत निर्णय घ्यायची वेळ येते. सिस्टरांनी डॉक्टरांना नीट विचारून घेतलं. कुठल्या लक्षणांवर घाबरायचं नाही, कुठल्यावर तासाभरात आणायचं, आणि कुठल्यावर शेवटचं इंजेक्शन. त्यांचं म्हणणं, खाणं सुटलं, उठता येईना, आणि माणूस जवळ आलेलं आवडेनासं झालं, की ओढायचं नाही. घाईही करायची नाही. आप्पांच्या मुलाला त्यांनी समोर बसवून हे सांगितलं, कारण त्या वेळी तो हजर असावा असं त्यांना वाटत होतं. पुढचंही ठरलेलं आहे. मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी गॅसवरची दहनवाहिनी सुरू केली आहे, तिथे न्यायचं. हे बोलणं चाललं होतं तेव्हा लाली आमच्या मधोमध पसरून घोरत होती आणि तो मुलगा तिच्या पाठीवरून हात फिरवत डोळे पुसत होता. पण उठताना त्याचा चेहरा कितीतरी मोकळा झाला होता.

तो दर रविवारी येतो. त्याला वाटायचं, आपण गेलो की ती मागे लागेल, पुन्हा कासावीस होईल. तसं होत नाही. ती त्याला ओळखते, कण्हल्यासारखा आवाज काढते, त्याच्या चपलेवर हनुवटी ठेवते, आणि तो निघाला की थोडा वेळ दाराकडे बघून खाटेखाली जाते. अजूनही कधीकधी बिजागरीपाशी उभी राहते. सिस्टरांनी त्या कोपऱ्यात एक उशी उभी करून ठेवली आहे, म्हणजे नाक भिंतीला घासत नाही.

आता टागोर नगरातल्या एका इमारतीत मोत्या आहे. वॉचमनकाकांचा कुत्रा, वय दहा-अकरा, पांढरा, कानाशी एक तपकिरी ठिपका. इमारत दोन महिन्यांत रिकामी होतेय आणि काका गावी चाललेत. गावच्या घरी आधीच चार कुत्री आहेत, त्यांत हा टिकायचा नाही. मोत्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण खोली एकदा पाठ झाली की कुठे धडकत नाही, फक्त सामान हलवू नका. हृदयाची एक गोळी रोज, तिचा आणि डॉक्टरांचा खर्च आमच्याकडे. दही-भात खातो. लहान मुलांत राहिलेला आहे, त्यामुळे घरात मुलं चालतील. वजनाला हलका आहे, लिफ्ट असेल तर तळमजलाही नको. घरात दिवसभर कुणीतरी असावं, एवढंच. ज्यांना बघायचाय त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं, काका ड्युटीवर असतात आणि मोत्या त्यांच्या केबिनच्या दारात असतो. पहिल्या दिवशी लगेच हात लावू नका. आधी बाजूला बसा, त्याला वास घेऊ द्या.